गायिका आणि तिच्यासाठीं लिहिलेलें संगीत

आपला गवई राग मांडतो तेव्हां तो एकाच वेळीं गायकहि असतो आणि रचनाकारहि. पाश्चात्त्य अभिजात संगीतांत ही दोन कामें निराळ्या माणसांकडे गेलेलीं आहेत. रचनाकार स्वरन् स्वर लिहून ठेवतो आणि गायकानें तो लिहिल्याबरहुकूम गावयाचा असतो. अशा संगीतांत गायकाला स्वतःचें म्हणून कांहीं देतां येतें काय? मुंबईंत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या कारकीर्दीकडे पाहिलें म्हणजे या प्रश्नाला होकारार्थी उत्तर द्यावें लागतें. मात्र त्या होकाराबरोबर एक शंकाहि मनांत उरते.

रोझारिओबाईंचा जन्म 1960 सालचा. घराणें मूळचें गोव्याकडील. पुढील शिक्षण त्यांनीं लंडनच्या गिल्डहॉल या संगीतविद्यालयांत घेतलें. त्यांचा आवाज 'सोप्रानो' जातीचा, म्हणजे स्त्रीकंठांतील सर्वांत उंच पट्टीचा आहे. ऑपेरांत बहुतेक सारें नाटक गाऊनच दाखवावयाचें असतें, आणि तेंहि ध्वनिवर्धकाच्या साहाय्यावांचून, मोठ्या वाद्यवृंदाच्या नादाला भेदून शेवटच्या रांगेपर्यंत पोंचेल अशा आवाजांत. तेथील नेहमींच्या भूमिका मोझार्ट व हेंडेल यांच्यासारख्या कधींच दिवंगत झालेल्या रचनाकारांच्या. तशा भूमिका बाईंनीं केल्याच. पण त्यांच्या नांवाला विशेष वजन आलें तें समकालीन रचनाकारांच्या कृतींमुळें. जॉन कास्केन यांच्या 'गोलेम' या 1989 सालच्या ऑपेराच्या ध्वनिमुद्रणांत मिरिअम ही भूमिका त्यांनीं गायिली आहे. एस्टोनियाचे आर्वो पेर्त यांनीं तहानलेल्या हरिणीच्या दृष्टान्ताचें बायबलांतील स्तोत्र स्पॅनिश भाषेंत स्वरबद्ध केलें. तें 1999 सालीं प्रथम गाण्याचा मानहि त्यांनाच मिळाला.

परंतु त्यांचा खरा ऋणानुबंध जुळला तो जॉन टाव्हनर (1944–2013) या इंग्रज रचनाकाराशीं. टाव्हनर यांनीं तिसांहून अधिक रचना या एका आवाजासाठीं लिहिल्या. त्यांचा 'मेरी ऑफ इजिप्त' हा ऑपेरा 1992 सालीं ऑल्डबरच्या महोत्सवांत प्रथम झाला आणि मेरीची भूमिका रोझारिओबाईंनीं केली. अलेक्झांड्रियांतील एक वारांगना विरक्त होऊन वाळवंटांत तपश्चर्या करते, ही त्याची कथा. गंधर्व नाटक मंडळीनें 1931 सालीं रंगभूमीवर आणलेली 'कान्होपात्रा' ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही नायिका परकी वाटण्याचें कारण नाहीं. टाव्हनर यांच्या संगीतांत एकच स्वर खालीं अखंड धरून ठेवण्याची पूर्वेकडील ख्रिस्ती उपासनेची रीत वारंवार आढळते. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला तीहि ओळखीचीच वाटेल.

एका गळ्यासाठीं रचना करण्याची चाल आपल्याकडेहि होती. बालगंधर्वांना लहानपणीं गाण्याची तालीम मिळाली ती आमच्या जळगांवीं, मेहबूबखां यांच्याकडे. पुढें गोविंदराव टेंबे यांनीं 'मानापमाना'ला (1911) आणि भास्करबुवा बखले यांनीं 'स्वयंवरा'ला (1916) चाली दिल्या, तेव्हां नायिकेचीं पदें कोणाच्या गळ्यांतून उमटणार हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. शिंपी अंगाचें माप घेऊन कपडा बेततो, तसें हें गळ्याचें माप घेऊन बेतलेलें संगीत. असें संगीत निर्माण होतें तेव्हां लेखणी रचनाकाराच्या हातीं असली, तरी तिनें कोठें वळावें हें पुष्कळ अंशीं गाणाराच ठरवितो. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें हेंच आहे.

आतां गुणदोषांविषयीं. अतिउंच स्वर न ओरडतां, मंदपणें आणि दीर्घकाळ धरून ठेवणें हें बाईंच्या गायनाचें खरें सामर्थ्य आहे, आणि टाव्हनर यांनीं त्याचाच भरपूर उपयोग करून घेतला. 2003 सालीं लंडनच्या टेंपल चर्चमध्यें झालेली त्यांची 'द व्हेल ऑफ द टेंपल' ही रचना तर रात्रभर चालणारी. एवढ्या विस्तारांत तो निश्चल, पारदर्शक स्वर प्रथम श्रोत्याला समाधीच्या जवळ नेतो. पण पुढें तोच कांहींसा एकसुरी वाटूं लागतो. शिवाय फार उंचावर गेल्यावर कोणत्याहि सोप्रानोच्या गळ्यांत स्वरवर्ण एकमेकांत मिसळून जातात, आणि शब्द अस्पष्ट होतात. शब्दार्थावर जीव असलेल्या मराठी श्रोत्याला ही उणीव जाणवल्यावांचून राहणार नाहीं. अर्थात् तिचा दोष गायिकेपेक्षां लिहिणाऱ्याकडे अधिक जातो.

शंका आहे ती याच्याहि पुढची. एका गळ्याच्या मापानें बेतलेलें संगीत त्या गळ्याच्या मागें कोण गाणार? स्वरलेखन असल्यामुळें टाव्हनर यांच्या कृति नष्ट होणार नाहींत हें खरें; परंतु श्वास कोठें घ्यावा, स्वर कितपत हलका ठेवावा, हें कागद शिकवीत नाहीं. तें गुरूनेंच शिकवावें लागतें. बाईंनीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें अध्यापन केलें, आणि 2009 पासून पति मार्क ट्रूप या पियानोवादकाच्या साथीनें भारतांत येऊन येथील तरुण मुलामुलींना पाश्चात्त्य गायनाचे धडे देण्याचा उपक्रम चालविला. त्याचें महत्त्व आम्हांला येथें दिसतें.

आमच्या धुळें-जळगांवकडे नाट्यपदांची आवड अद्याप ओसरलेली नाहीं. मुलगी गाऊं लागली कीं जुनें पद ध्वनिमुद्रिकेबरहुकूम वठविणें हीच तिची परीक्षा ठरते, आणि तें हुबेहूब वठलें कीं घरची मंडळी धन्यता मानतात. पण तीं पदें निर्माण झालीं त्या वेळीं तीं एका हयात माणसाच्या गळ्यासाठीं झालेलीं होतीं, हें आपण विसरतों. आज तितकेच तयार गळे आहेत. त्यांच्यासाठीं नवें लिहिणारे मात्र थोडे. रोझारिओबाईंच्या भाग्याला असा रचनाकार आला म्हणून त्यांचें गाणें केवळ उजळणी होऊन राहिलें नाहीं. आपल्याकडील तरुण गायिकेचें गुणगान करतांना तिच्यासाठीं नवें कोण लिहीत आहे, एवढें जरी रसिकांनीं विचारावयास आरंभ केला, तरी बरेंच साधेल.