चोरटा शिकारी आणि निर्दोष गाव : ‘झिल्बरवाल्डचा वनपाल’मधील अपराधाचे स्थलांतर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड दशकात जर्मनभाषक प्रदेशांत ‘हाइमाटफिल्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांचे अमाप पीक आले. डोंगरउतारावरची कुरणे, चर्चचा मनोरा, पारंपरिक वेशातील ग्रामस्थ, वनपाल आणि त्याच्यावर जीव जडलेली तरुणी ही सामग्री ठरलेली. समीक्षेने या चित्रपटांची दीर्घकाळ ‘पलायनवादी’ या एका शब्दात बोळवण केली. हा शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पलायन कशापासून होते आणि पळताना मागे कोणाला सोडले जाते, हे तो सांगत नाही. आल्फोन्स श्टुमर दिग्दर्शित ‘झिल्बरवाल्डचा वनपाल’ (1954) या ऑस्ट्रियन चित्रपटात या प्रश्नाचे उत्तर चोरट्या शिकाऱ्याच्या व्यक्तिरेखेत दडलेले आहे.

कथानक साधे आहे. व्हिएन्नात शिल्पकला करणारी लीझ्ल (अनिता गुटवेल) श्टायरमार्कमधील डोंगरी गावात आजोबांकडे येते. हुबर्ट गेरोल्ड या वनपालाच्या (रुडॉल्फ लेंझ) सहवासात तिला अरण्याची ओढ लागते. पुढे तिचा शहरातील कलावंत मित्र माक्स तेथे येतो आणि चोरून एका उमद्या नर हरिणाची शिकार करतो. लीझ्लची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून हुबर्ट अपराध्याचे नाव सांगत नाही आणि नोकरीवर पाणी सोडतो. सत्य कळल्यावर लीझ्ल त्याच्याकडे परतते. प्रेमकथेचा हा धागा इतका बारीक आहे, की मधूनमधून तो हरिणांच्या आणि पक्ष्यांच्या दीर्घ रंगीत चित्रणात दिसेनासाच होतो. त्याचे कारण निर्मितीच्या इतिहासात आहे. श्टायरमार्कमधील शिकारी संघटनेच्या पुढाकाराने वन्यजीवनावरील माहितीपट म्हणून हा प्रकल्प सुरू झाला होता. प्रेमकथा त्यात मागाहून आली.

शिकाऱ्यांच्या संघटनेने आश्रय दिलेल्या चित्रपटात चोरटा शिकारी खलपात्र असावा, यात नवल नाही. नवल आहे ते तो शहरातून यावा यात. आल्प्सच्या लोकपरंपरेत चोरटा शिकारी हा गावाचा माणूस होता. अरण्यावर आणि सावजावर सरदार-जमीनदारांचा हक्क, आणि पिकांची नासधूस मात्र शेतकऱ्याच्या माथी, अशा व्यवस्थेत चोरून हरिण मारणारा तरुण अन्यायाला आव्हान देणारा वीर ठरे. बव्हेरियातील गेओर्ग येनरवाइन 1877 मध्ये पाठीत गोळी लागून मारला गेला. लोकगीताने त्याला अमर केले आणि मारणाऱ्याला भेकड ठरवले. साहित्यात ही सहानुभूती लवकरच पातळ होऊ लागली. लुडविग गांगहोफर हा स्वतः हौशी शिकारी. त्याच्या ‘फालचा शिकारी’ या 1883 मधील कादंबरीत नायकत्व शिकार राखणाऱ्या फ्रीडलकडे जाते आणि चोरटी शिकार करणारा ब्लासी प्रेयसीला व मुलाला वाऱ्यावर सोडणारा ठरतो. तरीही ब्लासी डोंगरातलाच आहे. त्याचा अपराध गावाला आपल्याच घरातला म्हणून सोसावा लागतो.

1954 मध्ये हा शेवटचा दुवाही तुटतो. या टप्प्याची पूर्वतयारी हान्स डेपे यांच्या ‘हिरवे हे माळरान’ (1951) या पश्चिम जर्मन चित्रपटात झालेली दिसते. तेथील स्थळ आल्प्स नव्हे, ल्युनेबुर्गचे माळरान आहे. तेथे चोरून शिकार करणारा ल्युडरसन हा पूर्वेकडील जमीन गमावून आलेला निर्वासित जमीनदार आहे. स्वतःच्या अरण्यात जे हक्काने केले, तेच परक्या अरण्यात गुन्हा ठरते. या एका कल्पनेत विस्थापनाचे दुःख कोणत्याही भाषणापेक्षा अधिक नेमकेपणाने व्यक्त झाले आहे. पण चित्रपटाला ते पेलत नाही. पोलिसाच्या खुनाचा आळ अखेर सर्कशीतल्या माणसावर जातो आणि निर्वासिताला गावात जागा मिळते. अपराध फिरस्त्याच्या पदरात पडतो.

‘हाइमाट’ हा शब्द येथे तपासून पाहण्याजोगा आहे. मराठीत त्याला ‘मायभूमी’ म्हटले की भावना येते, हक्क निसटतो. ऑस्ट्रियात 1863 च्या कायद्याने ‘हाइमाटरेश्ट’ म्हणजे विशिष्ट गावात निर्वेध राहण्याचा आणि हलाखीत त्या गावाकडून पोटापाण्याची तरतूद मागण्याचा अधिकार निश्चित केला होता. या अर्थाने मराठीतील ‘वतन’ त्याला अधिक जवळचे. तेथेही मातीची ओढ आणि हक्काचा वाटा वेगळे काढता येत नाहीत. विवाहाने पत्नीला पतीच्या गावाचा अधिकार मिळे. चित्रपटात लीझ्लला गाव मिळते ते वनपालावरील प्रेमाने, माक्सला मात्र ते कधीच मिळू शकत नाही. हा कायदा तोवर इतिहासजमा झाला होता. त्याची निवड करण्याची रीत प्रेमकथेत शिल्लक राहिली.

1954 मध्ये ऑस्ट्रिया अजून चार राष्ट्रांच्या ताब्यात होता आणि श्टायरमार्क ब्रिटिश विभागात. 1943 च्या मॉस्को जाहीरनाम्यातील ‘हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी’ हे वर्णन देशाने हौसेने स्वीकारले होते. त्याच दस्तऐवजातील जबाबदारीचे कलम सोयीने विसरले गेले. गुन्हा नेहमी बाहेरून येतो आणि स्थानिक माणूस तो मूकपणे सोसतो, हे चित्रपटाचे सूत्र या वातावरणाशी चपखल जुळते. हुबर्टचे मौन चित्रपट उदात्त मानतो. नाव ठाऊक असूनही न सांगणे हे 1954 च्या ऑस्ट्रियात इतके निरागस होते का, असा प्रश्न मात्र पडद्यावर कोणालाच पडत नाही. गावाचा एकमेव दोष, म्हणजे जंगल तोडण्याचा घाट, आजोबांच्या विरोधाने वेळीच निस्तरला जातो.

भारतीय वाचकाला वनपालाची ही पूजा विचित्र वाटेल, आणि त्यामागे केवळ अभिरुचीभेद नाही. ब्रिटिश भारताचे पहिले तीन वन महानिरीक्षक, ब्रँडिस, श्लिख आणि रिबेनट्रॉप, जर्मन होते. 1878 च्या वन कायद्यानंतर सरपण-चराईसारखे रूढ व्यवहार गुन्ह्यांच्या यादीत जाऊ लागले आणि 1930 मध्ये बिळाशी व चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाले. त्या स्मृतीत नायकत्व कायदा मोडणाऱ्या गावाकडे आहे, जसे ते येनरवाइनच्या गीतात होते.

ऑस्ट्रियात या चित्रपटाचे मूळ नाव ‘पर्वतांचा प्रतिध्वनी’ असे होते. जर्मनीत प्रदर्शित करताना वितरकांनी पर्वत काढून त्या जागी गणवेशातील माणूस बसवला, आणि पुढे सर्वत्र तेच नाव रूढ झाले.