रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

आमच्या खानदेशाला अमेरिका ठाऊक झाली ती बहुधा कापसाच्या भावातून. १८६१ साली तिकडे यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि इकडे भाव कडाडले. पाचोऱ्याच्या बाजारपेठेत वाढलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत सहज पटते. पण तिकडचा तो कापूस वेचीत कोण होते, याची चौकशी भावाच्या गडबडीत फारशी कोणी केली नसावी. ती जोतीराव फुल्यांनी केली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली.

तो नमस्कार दुरून होता. पंडिता रमाबाई प्रत्यक्ष जाऊन आल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशांच्या पदवीदानासाठी म्हणून त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे त्या देशात हिंडल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे पुस्तक १८८९ साली निघाले. लेखिकेने १८८३ साली धर्म बदलला होता. आपल्या लोकांनी तेवढेच पाहिले आणि पुस्तक बाजूला सारले, असे मला वाटते. २००३ साली त्याची दोन इंग्रजी भाषांतरे निघाली. मराठी वाचकाने मनाला लावून घ्यावी अशीच ही गोष्ट आहे.

या पुस्तकाचा जीव आहे तो स्त्रियांवरील प्रकरणात. सेनापती आणि अध्यक्ष यांच्यापेक्षा रमाबाईंना मोलाच्या वाटतात त्या शाळा-कॉलेजांची दारे ठोठावणाऱ्या, दारूविरुद्ध संघटना उभारणाऱ्या बायका. आणि वाचकहो, त्या बायकांची लढाई तेव्हा अर्धीच झाली होती! देशभर मताचा हक्क त्यांना मिळाला तो १९२० साली. निकाल लागण्याआधी माणसे ओळखणे सोपे नसते. शिवाय बाई भाबड्याही नाहीत. मूळच्या रहिवाशांवर झालेला जुलूम आणि कातडीच्या रंगावरून होणारा भेद त्या झाकून ठेवीत नाहीत.

दोष आहेत. आकडे फार, आणि बाई माणसांपेक्षा संस्थांत अधिक रमतात. म्हणून या पुस्तकाशेजारी मला मिसेस थिओडोशिया कार्पेंटर यांची हकीकत ठेवावीशी वाटते. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या या बाईंनी १८८० साली दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मिशनरी मासिकात जोशी दांपत्याविषयी वाचले आणि त्यांना पत्र धाडले. १८८३ साली आनंदीबाईंना त्यांनी आपल्या घरात घेतले. १८८७ साली आनंदीबाई वारल्यावर त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकिप्सी येथे, विसावल्या. अमेरिकेच्या इतिहासात या बाईंना कोण विचारतो? ओळखलेच तर आपण ओळखायचे.

रमाबाईंचे मराठी मात्र खणखणीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलींना स्त्रियांचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे. आकड्यांची पाने खुशाल उलटावीत.