जुने पाने : एक समीक्षा

‘माझ्याकडचे काही जुने पाने एकदा डोळ्यांखालून घाला आणि त्यांच्यावर परखड लिहा. भीड ठेवू नका,’ असा सरांचा फोन आला, तेव्हा मी बँकेत पाचशेच्या नोटांचं बंडल मोजत होतो. मोजणी चुकली, ती वेगळीच. सर म्हणजे मराठीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले, अकोल्याला राहणारे आमचे स्नेही. ‘जुनी पाने’ म्हणायच्या ऐवजी ते ‘जुने पाने’ म्हणाले, हे माझ्या कानाला खटकलं होतं. पण निवृत्तीनंतर माणूस लिंग-वचनातूनही निवृत्त होत असेल, असं मी मनाशी म्हटलं. वऱ्हाडात महानुभावांच्या जुन्या पोथ्या असतात. सरांना तसंच काही घबाड सापडलं असणार. मी कॉमर्सचा पदवीधर. आजवर चाळली ती पाने खातेवह्यांची, आणि समीक्षा केली ती कर्जाच्या अर्जांची. तरी रविवारी एसटी बदलत बदलत पोहरादेवीहून अकोला गाठलं. हात धुतले, चष्मा पुसला आणि पोथीला नमस्कार करायच्या तयारीत सरांच्या मागोमाग आतल्या खोलीत गेलो.

भिंतीवर लोखंड टांगलं होतं.

सरांचं व्याकरण शाबूत होतं. पाने म्हणजे नट आवळायचे पाने! तीन प्लायवूडच्या फळ्या, प्रत्येकीवर खिळे, आणि खिळ्यांवर एकूण एकशे बारा पाने. सगळे पहिल्या-दुसऱ्या पिढीतल्या मोटारींचे. ज्या खोलीत पूर्वी संतवाङ्मय होतं तिथे आता ग्रीसचा वास होता. ‘यांचं आधी मर्ढेकरांवर बरं चाललं होतं हो,’ वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘मर्ढेकर पुसावे तरी लागत नसत.’

आता मुळात मोटारीला एवढे पाने लागतातच कशाला, हा प्रश्न तुमच्याप्रमाणे मलाही पडला. सरांनी त्याचं उत्तर तास संपल्याची घंटा नाही हे लक्षात घेऊन दिलं. सुरुवातीच्या मोटारी निघाल्या तेव्हा प्रत्येक कारखान्याचं शास्त्र निराळं. नटाचा आकार जो तो आपल्या मर्जीने ठरवी. रस्त्यावर गॅरेज नाही, मिस्त्री नाही. मोटार बंद पडली की मालकाने किंवा शोफरने खाली शिरायचं. म्हणून मोटारीबरोबरच कॅनव्हासच्या गुंडाळीत पाने मिळत. चाकाच्या मधोमध बसणाऱ्या पितळी टोपीचा एक, स्पार्क प्लगचा एक, इंजिनाच्या टॅपेटला दोन अगदी पातळ, आणि मॅग्नेटोचा तर इवलासा, ज्याला फट मोजायची पत्रीही जोडलेली. मुलीच्या सासरी जसं ताट-वाटीपासून पाटापर्यंत सगळं पाठवत, तसं. पुढे मोटारी मोडीत गेल्या आणि आहेर तेवढा उरला.

त्यातला आपल्याकडचा भाग मला विशेष वाटला. फोर्ड कंपनीने हिंदुस्थानात आपली शाखा 1926 साली काढली आणि जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला शेवरोले जोडायला सुरुवात केली. फोर्डचं ‘मॉडेल टी’ 1908 ते 1927 या काळात दीड कोटींवर निघालं. त्यामुळे फोर्डचा पाना हा संग्राहकांच्या दुनियेत आरत्यांच्या पुस्तकासारखा : सगळीकडे सापडतो, आणि म्हणून कोणी उठून उभं राहत नाही. रोल्स-रॉइसच्या चाकाचा पाना निघाला तर मात्र माणसं चपला काढून ठेवतात.

पाना ओळखायचा कसा, हे खरं शास्त्र. इथे मला आमच्या बँकेची आठवण झाली. सरांनी एक पाना हातात दिला. त्यावर ‘1/2’ असा आकडा. मी पट्टी लावली, तर तोंड जवळजवळ एक इंच! मी म्हटलं, ‘सर, यात फरक येतोय.’ सर खूश झाले. हा इंग्रजी पाना. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली इंग्लंडात आट्यांचं पहिलं प्रमाण बांधून दिलं, 55 अंशांच्या कोनाचं. त्यांच्या पद्धतीत पान्यावर लिहितात ती बोल्टच्या दांड्याची जाडी, तोंडाचं माप नव्हे. म्हणून अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड 0.92 इंच. पुढे अमेरिकनांनी 60 अंश धरले, आणि पान्यावर सरळ तोंडाचं माप घालायची रीत पडली. म्हणजे इंग्रज आपण कोणाचे ते सांगतो, अमेरिकन आपण केवढे ते सांगतो. आमच्याकडे कर्ज मागायला येणाऱ्यांतही हेच दोन प्रकार असतात.

मग खुणा. ‘किंग डिक’ नावाच्या इंग्रजी पान्यावर बुलडॉग कुत्रा. स्क्रू फिरवून तोंड लहानमोठं होणारा पाना स्वीडनच्या योहान्सन नावाच्या कारागिराचा, 1892 च्या सुमाराचा. एकच पाना सगळ्या नटांना चालेल असं ज्या दिवशी त्याच्या मनात आलं, त्या दिवशी उरलेल्या पान्यांचं संग्रहालयात जाणं ठरलं. आणि आपण ज्याला ‘स्टेपनी’ म्हणतो, तो शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलेला. 1904 साली तिथे जादा चाक निघालं. रस्ता वेल्समध्ये राहिला, कंपनी इतिहासजमा झाली, आणि शब्द मात्र मानोरा-दिग्रस रस्त्यावर पंक्चरच्या दुकानात अजून रोज उच्चारला जातो.

इथवर सरांची बाजू झाली. आता समीक्षा. भीड ठेवू नका असं त्यांनीच सांगितलंय.

माझा पहिला आक्षेप पॉलिशला आहे. सरांनी सुरुवातीचे चाळीसएक पाने ब्रश आणि ॲसिड लावून असे चकचकीत केले आहेत की लग्नात वाढपी घेऊन फिरतील. गंजाबरोबर खुणाही गेल्या. जाणकार संग्राहक तेल लावून फडक्याने पुसतो आणि हात आवरतो. जुन्या कवीची प्रत शुद्ध करता करता कविताच नवी लिहिणारे संपादक असतात, त्यातला हा प्रकार. सरांनी हा आक्षेप मान्य केला. कारण तसे एक संपादक त्यांच्या ओळखीचे आहेत.

दुसरा आक्षेप जरा तात्त्विक. सरांनी पाने मांडले आहेत ते आकाराप्रमाणे, म्हणजे कमानदार एकीकडे, सरळ एकीकडे. प्रत्येकाखाली चिठ्ठी : ‘घाट डौलदार’, ‘रेषेत संयम’. पण हा कोणता नट फिरवायचा, याबद्दल अवाक्षर नाही. फडके आणि खांडेकर कलेसाठी कला की जीवनासाठी कला यावर भांडले, त्यात मी क्लार्क माणूस कोणाच्या बाजूचा ते अजून ठरलेलं नाही. पण पान्यासाठी पाना ही भूमिका मला पटत नाही. नट नसलेला पाना म्हणजे नट नसलेलं नाटक. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत. कवी अज्ञातवासी, म्हणजेच दिनकर केळकर, यांनी आयुष्य घालून ते जमवले. पण तो अडकित्ता बघताना सुपारी आठवते, सुपारी कातरणारा हात आठवतो. सरांच्या भिंतीसमोर मला कुठलाच हात आठवेना.

तिसरा आक्षेप मी त्या दिवशी बोललो नाही. तो पोहरादेवीला सुचला.

पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबेचं देऊळ इथे, आणि रामनवमीला लोटणारी यात्रा इथली. 2024 साली नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा वारशाचं मोठं संग्रहालयही उभं राहिलं. गेल्या यात्रेनंतर सर ते पाहायला म्हणून स्वतःची मोटार घेऊन आले. संग्रहालय पाहून म्हणाले, ‘यात पाना कसा नाही?’ मी म्हटलं, ‘सर, हे लोक शेकडो वर्षं मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर हिंडले. त्या वाहनाला चाकच नव्हतं, तर नट कुठला?’ सर गप्प झाले. रेल्वे आणि पक्के रस्ते आले आणि ती लदेणी बसली, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे सरांच्या भिंतीवर टांगलेल्या मंडळींचाही त्यात हात होता.

मग आम्ही तांड्यावर गेलो. एका शिपायाने सरांना बातमी दिली होती : तिथल्या एका म्हातारीकडे मोटारीचा जुना पाना आहे. ही याडी आमची खातेदार. निराधार योजनेचे पैसे काढायला येते तेव्हा तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही. जन्मभर विळा आणि कुदळ धरून रेषाच झिजल्या आहेत. तीनदा, चारदा पुसून ठेवायचा. मशीन म्हणतं, ओळख पटत नाही. मग मी मशीनला पटवतो.

तिच्या बकऱ्यांच्या वाड्याच्या फाटकाला अडसर म्हणून तो पाना लावलेला होता. हातभर लांब, एका टोकाला मोठं षटकोनी कडं, दुसऱ्या टोकाला तोंड. सासरा दिग्रसच्या सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होता, त्याने आणलेला. सर उकिडवे बसले, दांडा बोटाने चाचपला आणि त्यांचा श्वास अडकला. गंजातून इंग्रजी एफ, ओ, आर दिसत होते, मग खरवड, शेवटी डी. ‘फोर्ड!’ सर माझ्या कानात म्हणाले, ‘आणि हा घाट मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही. मुंबईत चार-पाच हजार कुठे गेले नाहीत.’ आणि वळून याडीला मोठ्याने म्हणाले, ‘आजी, या भंगाराचे पन्नास देतो.’

हाच माझा तिसरा आक्षेप. हा सगळा छंद एका गोष्टीवर उभा आहे : घेणाऱ्याला ओळख आहे आणि देणाऱ्याला नाही. पाना पन्नासचा की पाच हजारांचा, हे लोखंडात नसतं, या दोघांमधल्या अंतरात असतं. पुस्तकं वाचून, मापं घेऊन, खुणा पाठ करून माणूस जे ज्ञान मिळवतो, ते शेवटी एका म्हातारीला न सांगण्यासाठी वापरतो. बँकेत खातेदाराची शिल्लक विचारली तर मला खरी सांगावी लागते. रविवारी तो नियम सुटतो, असं कुठल्या सर्क्युलरमध्ये नाही. मी घसा साफ केला. ‘याडी, घाई नको करू. हा पाना हजारांतला आहे म्हणे.’

सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यासाठी पाना अजून निघायचा आहे.

याडीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ‘पन्नास अन् हजार, दोन्ही ठेवा तुमच्यापाशी,’ ती म्हणाली, ‘मंग फाटकाले काय लावू? बकऱ्या काय तुमी राखसान?’

दोघांचाही व्यवहार तिथेच संपला. पण सरांना राहवेना. निदान खूण तरी नीट पाहू द्या, म्हणून त्यांनी तेल मागितलं. याडीने दिव्यातलं दिलं. सरांनी फडक्याने दहा मिनिटं हळुवार पुसलं आणि गंजाखालून मधली दोन अक्षरं वर आली : जी आणि ई. फोर्ड नव्हे, ‘फोर्ज्ड’. म्हणजे घडीव लोखंड. जगातल्या हजारो पान्यांवर असतो तो शब्द. खरं तर सरांना हे आधीच कळायला हवं होतं. फोर्डचं नाव सहीसारखं वळणदार असतं, आणि ही अक्षरं शाळेच्या पाटीसारखी सुटी, ताठ. मोहाला वळण दिसत नाही एवढंच. सर म्हणाले, पाण्याच्या इंजिनाचाही असेल, जिनिंगच्या यंत्राचाही असेल.

म्हणजे पन्नास सांगणारे सर लबाड ठरले, हजार सांगणारा मी खोटा ठरलो, आणि आमच्यात पान्याची ओळख असलेली एकटी याडीच निघाली. तिने तो उचलून परत फाटकाला लावला. बरोबर बसला. एकशे बारा पान्यांत आपल्या जागी बसलेला मी पाहिलेला हा पहिलाच; आणि तो एकशे तेरावा.

परतताना मानोऱ्याच्या अलीकडे सरांची मोटार पंक्चर झाली. स्टेपनी होती. चाकाचा पाना नव्हता. दिग्रसच्या भंगार बाजारात घेतलेल्या जुन्या पान्यांना डिकीत जागा व्हावी म्हणून सरांनी तो घरी काढून ठेवला होता. नट एकोणीस मिलिमीटरचा. डिकीत व्हिटवर्थचे अकरा पाने. एकाचं तोंड अठराचं, त्याच्या पुढचं थेट एकवीसच्या जवळ. पहिला शिरेना, दुसरा गरगर फिरे. सर जोसेफ व्हिटवर्थ आणि आम्ही दोघं अर्धा तास उन्हात उभे होतो. शेवटी एका काळीपिवळीवाल्याने सीटखालून आपला पाना काढून दिला. वाकडा, एक दांडा वेल्डिंगने जोडलेला, खूण ना नाव. चारही नट मुकाट्याने सुटले.

सरांनी तो हातात घेऊन खूप वेळ उलटसुलट पाहिला. मला वाटलं, आता घाटाबद्दल काहीतरी बोलतील.

‘कितीला देतोस?’ सरांनी त्याला विचारलं.

मी घसा साफ करायच्या आत तो म्हणाला, ‘इकायचा नाही, सर. हा गेला तर गाडी कोणाच्या भरोशावर चालवू?’