‘१२६०’ वाचताना

काही मजकूर वाचणाऱ्याला चकवण्यासाठीच लिहिलेला असतो. मार्क वॉशबर्न या अमेरिकन प्रोग्रामरचा १९९० सालचा ‘१२६०’ हा व्हायरस त्यातलाच. नाव पडलं ते लांबीवरून: १२६० बाइट. त्या काळचे स्कॅनर प्रत्येक व्हायरसमधला एक ठरावीक तुकडा ध्यानात ठेवून फाइलींमध्ये तोच शोधत. एवढ्यानं भागणार नाही, हे वॉशबर्ननं दाखवून दिलं. त्यासाठी व्हायरसच लिहायला हवा होता का, हा वेगळा वाद.

खरी मजा आहे ती सुरुवातीच्या चिमुकल्या लूपमध्ये. व्हायरसचं अंग कुलूपबंद असतं आणि हा लूप ते उघडतो. रचना तीन कडव्यांची. पहिल्यात दोन किल्ल्या आणि एक पत्ता रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत, भरायचा, दुसऱ्यात दोन्ही किल्ल्या मजकुरावर फिरवायच्या, तिसऱ्यात एक पाऊल पुढे सरकून फेरा पुन्हा सुरू करायचा. ‘सीएक्स’ या रजिस्टरातला आकडा इथे किल्लीही आहे आणि उरलेल्या फेऱ्यांची मोजदादही. म्हणजे दर फेऱ्याला ही किल्ली आपोआप एकानं घटते, तर ‘एएक्स’मधली एकानं वाढवली जाते. एका शब्दात दोन कामं! काटकसर अशी, की हेतू विसरून दाद द्यावीशी वाटते.

पण तीच काटकसर पुढच्या क्षणी उधळपट्टी होते. कडव्यातल्या ओळी प्रत्येक नव्या प्रतीत मागेपुढे होतात आणि अधूनमधून भरताड येतं. ‘नॉप’ ही सूचना काहीच करत नाही, ‘सीएलसी’ जो झेंडा उतरवते त्याच्याकडे कुणी पाहतच नाही आणि ‘बीएक्स’मधून केलेल्या वजाबाक्या कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. संस्कृत श्लोकांत पादपूरणासाठी येणारे ‘च, वै, तु, हि’च म्हणा ना! पुढे बल्गेरियातल्या ‘डार्क ॲव्हेंजर’नं म्युटेशन इंजिन काढलं. ते कुणालाही आपल्या व्हायरसला जोडता येई आणि त्यात रजिस्टरं नि आकडेमोडही बदलत. सगळ्या रूपांची यादी करत बसणं तिथेच संपलं.

अँटिव्हायरसनं मग वाचायची रीतच बदलली. अकोल्याच्या जिनिंगवर कापसाची गाडी आली, की जाणता ग्रेडर वरचा पांढराशुभ्र थर पाहून भाव बोलत नाही. कोपरापर्यंत हात खुपसून आतली मूठ बाहेर काढतो. एम्युलेटर तेच करतो. नकली प्रोसेसर, नकली मेमरी मांडून संशयित फाइल तिथे चालू देतो. ‘नॉप’ येतात-जातात, ओळींचा क्रम कसाही असो, लूप इमानेइतबारे कुलूप उघडतो आणि आतला न बदलणारा मजकूर समोर येतो. मग जुना तुकडाशोध पुन्हा कामाला येतो. कुलूप उघडल्याशिवाय व्हायरसला चालताच येत नाही, तिथेच तो सापडतो.

अडचण वेळेची. व्हायरसवाले पुढे लाखो रिकामे फेरे घालू लागले. एम्युलेटरनं किती वेळ थांबायचं? ‘स्कॅन लावला की मशीन रांगतं’ ही तक्रार अमरावतीच्या राजकमल चौकातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्यानं ऐकलेली असणार. पुण्यात काटकर बंधूंनी उभ्या केलेल्या क्विक हीलपासून परदेशी कंपन्यांपर्यंत सगळ्यांनाच हा हिशेब करावा लागतो.

मला सर्वांत आवडतो तो यातला उलटा डाव. लपण्यासाठी घातलेलं भरताडच चुगली करतं, कारण सरळमार्गी कंपायलर इतक्या निरुद्देश सूचना सहसा लिहीत नाही. अर्थात भरताडावरून किंवा स्वतःचं कुलूप उघडण्यावरून लगेच निकाल देता येत नाही: ‘यूपीएक्स’ या फाइल आवळणाऱ्या साधनानं आवळलेले साधे, निरुपद्रवी प्रोग्रामही मेमरीत आधी स्वतःलाच उलगडतात.