रात्रपाळीचा ससाणा

मला पोर्तुगीज येत नाही. तरी एका पोर्तुगीज रॅपवर लिहायला बसलोय. आधी नुसताच ऐकला, मग भाषांतर हाताशी घेऊन ऐकला. आपले पांढरपेशे समीक्षक म्हणतील, रॅप हे काव्यच नव्हे. म्हणू देत. आपल्या जलशांनाही त्यांनी कधी काव्य म्हटलं नव्हतं.

गाणारा एम. व्ही. बिल. एम. व्ही. म्हंजे सत्याचा निरोप्या. काळा माणूस, १९७४ चा जन्म, रिओ दि जानेरोतल्या 'देवाचं शहर' नावाच्या वस्तीतला. १९६० नंतर सरकारनं शहरातल्या मोक्याच्या जागांवरच्या झोपड्या उठवल्या आणि माणसं लांब नेऊन टाकली, त्यातलीच ही वसाहत. माणसं हाकलायची आणि नाव देवाचं द्यायचं. ब्राझीलनं गुलामी कायद्यानं बंद केली ती १८८८ साली. कायदा झाला, जमीन मिळाली नाही. पुढचं तुम्हाला मी सांगायला नको.

१९९८ पासून बिल आणि त्याचा साथीदार सेल्सो अताइदे कॅमेरा घेऊन रिओच्या आणि इतर शहरांच्या वस्त्यांतून फिरले. अमली मालाच्या धंद्यात राबणाऱ्या पोरांना बोलतं केलं. सतरा पोरं धरून ठेवली होती. चित्रण संपेपर्यंत त्यातली १६ मेली. १९ मार्च २००६ ला, रविवारी रात्री, देशातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर ते दाखवलं. माहितीपटाचं नाव 'फाल्काँव', म्हंजे ससाणा. त्याच साली त्याच नावाला धरून बिलचा रॅपचा अल्बम आला. या दोन्हीचं नातं मला तपासायचं आहे.

धंद्यात ससाणा म्हंजे रात्रभर वस्तीच्या तोंडावर जागणारा पोरगा. पोलीस आले की फटाका उडवणारा वेगळा. पुड्या विकणारा तो 'वाफ', कारण धाड पडली की त्यानं वाफेसारखं नाहीसं व्हायचं. वर बंदूकवाला शिपाई, त्याच्यावर मॅनेजर, त्याच्यावर मालक. पाळ्या लावलेल्या. गिरणीच्या खात्यात याहून वेगळं काय असतं? बदलीवाला, जॉबर, मास्तर, शेठ. कोकाचं पीक वस्तीत येत नाही, बंदुका वस्तीत बनत नाहीत. वस्तीत बनतात ती फक्त पोरं, आणि मरतात तीही तीच. एक पोरगा तर कॅमेऱ्यापुढं सरळ सांगतो की तो गेला तर त्याच्या जागेवर दुसरा येईल. बदली कामगार याहून वेगळं काय बोलतो!

म्हणून बिलचा आवाज मला पटला. जड, खरखरीत, घाई नसलेला. पहाटे तीन ते पाच झोपेशी मारामारी करत साच्यापुढं उभा असलेला माणूस असाच बोलतो, यंत्राच्या ठेक्यात, ओरडल्याशिवाय. विद्रोह म्हंजे किंचाळणं असं आपल्यातल्या काही कवींना वाटतं, त्यांनी हा आवाज ऐकावा.

याच धंद्यावर १९९९ साली जुआंव मोरेरा सालिस आणि कातिया लुंद यांनी माहितीपट केला होता, 'एका खाजगी युद्धाच्या बातम्या'. पोलीस, धंदेवाला आणि रहिवासी, तिघांनाही बोलू दिलं. काम प्रामाणिक आहे, मी नाव ठेवणार नाही. पण सालिस बँकवाल्यांच्या घरातला. तो टेकडी चढून गेला आणि उतरून आला. बिलला उतरून जायला जागा नाही. २००० साली 'टेकडीचा शिपाई' या त्याच्या रॅपच्या चित्रफितीत बंदूकधारी पोरं दिसली, तेव्हा पोलिसांनी त्याच्यावरच गुन्ह्याची भलामण केल्याचा ठपका ठेवला. सालिसच्या माहितीपटातही बंदुका होत्याच की.

आता माझी तक्रार. माहितीपटात पोरांचे चेहरे झाकलेत. वय कोवळं, कायदा तसा, आणि जिवाची भीती. चेहरा झाकला की आवाज हाच चेहरा होतो. पोरगा बोलता बोलता थांबतो, हसतो, वाक्य अर्धं सोडतो. ते अर्धं वाक्यच खरं. रॅपला मात्र यमक जुळवायचं असतं, ठेक्यावर उतरायचं असतं. स्टुडिओत सगळं इस्त्री होऊन येतं, आणि ध्रुपद आलं की पाय आपोआप हलतो. माझा हलला, खोटं का बोलू? सोळा मेलेल्यांच्या वतीनं 'मी' म्हणणारं गाणं, आणि माझा पाय हलतोय. उद्या श्रीमंताचं पोर गाडीत तेच लावील आणि काच वर घेईल.

दोष बिलचा एकट्याचा नाही, हा 'मी' आपल्याही कवितेत आहे. आमच्या चाळीतला एक पोरगा गर्द ओढून गेला. मी त्याच्यावर कविता लिहिली, 'मी' वापरून. संमेलनात टाळ्या पडल्या. चाळीत वाचून दाखवली तर त्याची आई म्हणाली, "समदं तुजंच हाय रं ह्यात. त्यो कुटं हाय? त्याला चित्रपटाची गाणी आवडायची, ते न्हाई लिवलंस?"

"नाय सुचलं, मावशी," एवढंच बोलू शकलो.

बिलला निदान अर्धं तरी सुचलं होतं, हे मान्य करायला हवं. त्यानं माहितीपटात पोरांना त्यांच्या तोंडानं बोलू दिलं, आठ वर्षं ऐकत बसला. सतरातला जो एक वाचला, त्याला सर्कशीत विदूषक व्हायचं होतं. वस्तीतली लहान मुलं धंद्याचाच खेळ खेळतात, काठीच्या बंदुका करून खबऱ्याला मारतात, तेही त्यानं टिपलं. तिथं मला दुसरं कुठलंच संगीत नको होतं. खेळताना पोरं तोंडानं गोळीचा जो आवाज काढतात, तेवढा पुरे होता.