कळ कोणाच्या हाती द्यायची?

सेवाग्रामचे जुने नाव शेगाव. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना हे सहज ठाऊक असते. इतरांना असेलच असे नाही.

आता समजा, नववीतल्या एका मुलीने मराठी विकिपीडियावरच्या लेखात ‘गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला आले’ हे वाक्य बदलून ‘शेगावला आले’ असे केले. संदर्भ मात्र दिला नाही. एका अनुभवी संपादकाला वाटले, शेगाव म्हणजे गजानन महाराजांचे. ही कुणाची तरी खोडी असणार. त्याने एक कळ दाबली आणि जुने वाक्य परत आले. आपले काय चुकले, हे त्या मुलीला कळलेच नाही.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतो. पण काही साधने सर्वांकडे नसतात. ती मागावी लागतात. ‘द्रुतमाघार’ हे त्यांपैकी एक. लेखात शेवटी ज्याने लिहिले, त्याचे लागोपाठचे सगळे बदल त्याने एका फटक्यात मागे घेता येतात. ‘प्रचालक’ याहून पुढचा: तो पान वगळू शकतो, संपादनासाठी बंद करू शकतो, सदस्याला रोखू शकतो. त्यासाठी इतर सदस्यांचा कौल घेतात.

ही साधने हवीतच. एखाद्या लेखात कोणी शिवीगाळ भरली, तर ती लगेच निघाली पाहिजे. माझा आक्षेप आहे तो अर्ज पारखण्याच्या पद्धतीला. अर्जदार सांगतो, ‘माझी इतकी हजार संपादने झाली’, आणि पुष्कळांना तेवढे पुरते. इंग्रजी विकिपीडियावर तर ३० दिवस आणि ५०० संपादने पुरी झाली की एक वरचा दर्जा आपोआप मिळतो. संख्या मोजायला सोपी असते. पण स्वल्पविराम दुरुस्त करणे हे एक संपादन, आणि ग्रंथालयात तीन तास बसून लिहिलेला परिच्छेद हेही एकच संपादन! शोधनिबंध मोजून शास्त्रज्ञाची योग्यता ठरवण्याचा रोग आम्हालाही जडलेला आहे, म्हणून तो मी चटकन ओळखतो.

संख्येवरून चिकाटी कळते, विवेक कळत नाही. आणि इथे प्रश्न विवेकाचाच आहे. बदल उलटवण्याचे काम कोणताही सदस्य साध्या मार्गानेही करू शकतो. तिथे कारण लिहायला जागा असते. द्रुतमाघारीने वेळ वाचतो तो मुख्यतः कारण न लिहिण्याचा. म्हणजे आपण मागतो ती कारण न देण्याची मुभा. ती ज्याला द्यायची, त्याने आजवर कारणे कशी दिली, हे नको का पाहायला? नवख्याची चूक त्याने समजावून सांगितली का? स्वतःची चूक कबूल केली का? गंमत अशी की हा सारा पुरावा प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ या पानांवर उघडाच असतो.

मराठीत लिहिणारे हात मोजके आहेत. एक नवखा दुखावून निघून गेला तर तोटा मोठा, आणि अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवणारेही थोडेच. सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००३ मध्येच सुचवले होते, की प्रचालकपद ही काही फार मोठी बाब मानू नये. पद म्हणून ते खरेच मोठे नाही. जबाबदारी म्हणून आहे.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. आपल्या तालुक्यावरच्या लेखाचा ‘इतिहास’ मुलांसमोर उघडा. मागे घेतलेला एखादा बदल शोधा. कारण दिले आहे का? ते पटते का? अशा संपादकाला तुम्ही कौल द्याल का? आणि शेगाव लिहिणाऱ्या त्या मुलीलाही सांगा: संदर्भ शोध, चर्चापानावर मांड, आणि वाक्य पुन्हा लिही.