रिकामा फेरफटका

मराठी प्रवासवर्णनांविषयी एक तक्रार पुष्कळ दिवस मनात घोळत होती, ती आज वाचकांपुढे ठेवावी असे योजले आहे. निमित्त क्षुल्लकच घडले. भिवंडीचा पावसाळा पुस्तकांस मानवत नाही. वाळवीच्या भयाने कपाट रिकामे केले, तेव्हा युरोपच्या प्रवासाची पाचसहा पुस्तके एकत्र हाती आली व ती ओळीने वाचून काढली. राजवाडे, पुतळे, वस्तुसंग्रहालये व नाट्यगृहे यांची माहिती मनसोक्त मिळाली. परंतु कोठेही जावयाचे नाही म्हणून बिऱ्हाडाबाहेर पडलेला, दुपारभर बागेतील बाकावर बसलेला, नदीच्या कठड्याला टेकून रस्त्यावरच्या गाडीवरचे काही खात उभा राहिलेला असा लेखक त्यांत फारच थोड्या वेळा भेटला. आणि भेटला तेथेही तो दोन वाक्यांत उठून पुढच्या स्थळाकडे निघाला.

हा दोष लेखकांच्या अरसिकतेवर ढकलणे अन्यायाचे होईल. आमच्या प्रवासाला आरंभापासूनच काही ना काही कारण लागत आले आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ साली घर सोडले ते दक्षिणेच्या आशेने; त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला, आणि त्यातील शहरे आज इतकी जिवंत वाटतात, तरी ती पाहण्यासाठी म्हणून भटजी निघाले नव्हते. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या त्या विद्येसाठी. त्या काळी समुद्र ओलांडणाऱ्यास जातीची भीती होती, प्रायश्चित्ताचा प्रश्न होता. विद्या, व्यापार किंवा सरकारी काम यांपैकी एखादे भारदस्त कारण दाखविल्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा मनुष्याने ‘आज दुपारी बागेत नुसता बसून होतो’ असे छापून प्रसिद्ध करावे तरी कसे? शिवाय रस्त्यात उभे राहून खाणे हे आमच्या घरंदाज संस्कारांत बसत नाही. खाल्ले काय, यापेक्षाही कोठे व कसे खाल्ले, हे सांगण्याची लाज मोठी! पुढे बंधने सैल झाली, पण लेखणीची सवय गेली नाही. प्रायश्चित्ताची जागा माहितीने घेतली. परदेशी जाऊन आलेला मनुष्य देशबांधवांचे काही देणे लागतो, आणि ते त्याने शिक्षणपद्धती, शिस्त व स्वच्छता यांच्या वर्णनांतून फेडावे, असा संकेतच पडून गेला.

याहून नवलाची गोष्ट अशी की, रिकामे भटकण्याची कला मराठी गद्यास ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’ १९३३ साली आल्या, पाठोपाठ काणेकरांची ‘पिकली पाने’ आली, आणि लघुनिबंध नावाचा हा प्रकार म्हणजे तरी काय? विषयाच्या आसपास रेंगाळणे, आडगल्लीत शिरणे, हाती काही न लागता संतुष्ट मनाने घरी येणे. तेच काणेकर १९४० साली ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ घेऊन आले, तेव्हा नावातच ‘कडे’ हे अव्यय होते. पुस्तक आम्हांस प्रिय आहे; त्याची भाषा चपळ आहे व दृष्टी टवटवीत आहे. पण ज्याला ताऱ्याकडे जावयाचे आहे तो धुक्यात किती वेळ रमणार? दूर जाऊ शकणारा वाङ्मयप्रकार व रेंगाळू शकणारा वाङ्मयप्रकार हे दोन्ही एकाच लेखकाच्या हाती असूनही त्यांची गाठ म्हणावी तशी पडली नाही, ही आमची मुख्य हळहळ आहे.

नदीचेच उदाहरण घेऊ. आमच्या मनात नदीकाठ म्हटला की घाट येतो. घाटाच्या पायऱ्या मनुष्यास पाण्यात उतरवितात. स्नान, धुणे, श्राद्ध, गप्पा हे सर्व पाण्याला लागूनच चालते. काका कालेलकरांनी नद्यांवर लिहिले तर त्या पुस्तकास ‘लोकमाता’ हेच नाव शोभले. युरोपातील नदीकाठ निराळा. तेथे दगडी कठडा मनुष्यास पाण्यापासून दूर ठेवितो व त्यावर कोपरे टेकून पाहण्यास सांगतो. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याला लिहिण्यास केवढा विषय मिळाला असता! परंतु आमचा प्रवासी थेम्सचा कठडा पाहतो, आणि लागलीच तेथील लोकांच्या उपजत टापटिपीवर व्याख्यान देऊ लागतो. ती टापटीप उपजत नव्हे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. मग जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या हाती काम सोपवून गटारांचे जाळे बांधण्यात आले, आणि १८७० साली खुला झालेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा सुंदर रस्ता वस्तुतः त्या गटारावरचे झाकण आहे. त्याच्या पोटातून भुयारी आगगाडीही धावते. पॅरिसच्या सेन नदीत १९२३ पासून पोहण्यास मनाई होती. ती उठून नागरिकांसाठी स्नानाच्या जागा उघडल्या त्या २०२५ च्या जुलैत. म्हणजे काठावरचे जुन्या पुस्तकांचे हिरवे पेटारे चाळीत आमच्या लेखकांनी जी नदी न्याहाळली, तीत शंभर वर्षे तेथील मनुष्य रीतसर पाय घालू शकत नव्हता. कामवारीच्या काठी राहणाऱ्या वाचकाने हे वाचले असते, तर त्याला केवळ हेवा वाटला नसता; काही आशाही वाटली असती.

बागांविषयी हेच. हाइड पार्क हे आठव्या हेन्रीने मठाकडून घेतलेले शिकारीचे रान. पहिल्या चार्ल्सने १६३७ साली ते सर्वसाधारण लोकांस मोकळे केले. ही सुमारे साडेतीनशे एकर सवड राजाकडून प्रजेकडे आली तिचा इतिहास आहे. नुसते हिरवळीचे वर्णन त्याला पुरे पडत नाही.

आणि खाणे! तळलेला मासा व बटाट्याचे काप ही विलायतेतील रस्त्याची मेजवानी आमच्या प्रवाशाने चाखली, पण ती मुळात कोणाची हे विचारले नाही. लँकेशायरच्या गिरण्यांच्या गावांत बायकाही मागावर जात. दिवसभर राबून आल्यावर चूल पेटविण्यास त्राण उरत नसे. अशा घरांनी या दुकानांस आधार दिला व दुकानांनी त्यांस. दुसऱ्या महायुद्धात इतक्या वस्तूंवर नियंत्रण आले, पण या खाण्यावर आले नाही. भिवंडीकरास हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या गावात यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारा परप्रांतीय कारागीर भिशीत जेवतो, आणि वडापावची गाडी त्याच्या सवडीची नव्हे, तर तिच्या अभावाची खूण आहे. रस्त्यावरच्या खाण्याची चव सांगणारे पुष्कळ आहेत. त्या चवीमागील घड्याळ दाखविणारा लेखक हवा आहे.

सन १९५९ मध्ये गंगाधर गाडगिळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ व १९६० मध्ये पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ आल्यावर माहितीचे ओझे उतरले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. गाडगिळांनी स्थळापेक्षा अनुभवास मान दिला. पु. लं.नी माणसांस व खाण्यास जवळ केले, आणि तेही हसतहसत. तथापि ‘अपूर्वाई’ हा शब्दच नवलाईचा आहे, आणि रिकाम्या फेरफटक्याचे सुख नवलाई ओसरल्यावर सुरू होते. तोच बाक, तोच फेरीवाला, तीच वळणावरची झुळूक सातव्यांदा भेटते तेव्हा. हे भाग्य लंडनात पुष्कळ वर्षे काढलेल्या मीना प्रभूंच्या ‘माझं लंडन’ला लाभले. तेथे ‘माझं’ हा शब्द उपचारापुरता नाही. त्यांचाही माहितीचा मोह सुटत नाही, अशी आमची कुरकूर आहे. पण ती प्रेमाची आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या गोष्टीचा बाऊ कशाला? उत्तर देण्यास आम्हांस फार दूर जावे लागत नाही. निर्हेतुक भटकण्यास पैसा थोडा लागतो, पण निर्भयता फार लागते. अनोळखी माणसांत अनोळखी म्हणून वावरता आले पाहिजे. १९७० च्या व पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात या गावात दंगली झाल्या; त्यानंतर कोणत्या मोहल्ल्यातून कोणत्या वेळी जावे याचे हिशेब करावयास पुष्कळ घरे शिकली. ते हिशेब आता सैल झाले आहेत, पण पायांना स्मरण असते. बागेतील बाकावर परक्याच्या शेजारी निवांत बसणे ही केवढी मोठी नागरी कमाई आहे, हे ज्याने ती गमावली त्यासच कळावे. आणि आमच्या प्रवासवर्णनकारांनी ती प्रत्यक्ष पाहूनही ‘हवा आल्हाददायक होती’ एवढ्यावर भागविले.

ती पुस्तके पुन्हा कपाटात लाविली त्या दिवशी सायंकाळी पाऊस उघडला होता. वऱ्हाळदेवी तलावाकडे निघालो. वाटेत भाजलेली कणसे घेतली. विक्रेत्याने लिंबू-तिखट जरा सढळ हाताने चोळले. मागांची खटखट मागून येतच होती. काठावर एक म्हातारा कारागीर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. तो सरकला, व आम्ही बसलो. त्याने घड्याळ विचारले. सात वाजले होते. पाळीस अजून तासभर अवकाश आहे असे म्हणून त्याने पाय पसरले.